सांधेदुखीचे रुग्ण आणि निरक्षरांचे आरोग्यशिक्षण : एक अभ्यास

'वात' हा शब्द आपल्या वस्त्यांतून जितका सैलपणे वापरला जातो तितका दुसरा एखादा शब्द क्वचितच वापरला जात असेल. गुडघा दुखला, वात. बोटे सुजली, वात. कंबर धरली, वात. पायाचा अंगठा एका रात्रीत लालबुंद होऊन चादरीचा स्पर्शही सोसवेना, तोही वातच. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र हे वेगवेगळे आजार आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत आणि औषधेही वेगळी आहेत. ज्याला वाचता येते तो हा फरक एखाद्या पुस्तिकेतून समजून घेईल. ज्याला वाचता येत नाही, त्याला तो कोणी व कसा समजावून द्यावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आम्ही डॉक्टर नाही. कलाशाखेची पदवी घेऊन बँकेच्या खिडकीआड बसणारे कारकून आहोत. तेव्हा या लेखात कोणतेही औषध सुरू करा अथवा बंद करा असा सल्ला वाचकांनी शोधू नये. परंतु अक्षर न येणारा माणूस अक्षरांच्या जगात कसा वावरतो, हे आमच्या खिडकीवरून जेवढे दिसते तेवढे दवाखान्यातूनही दिसत नसावे. "साहेब, चष्मा घरी राहिला, तेवढी स्लिप भरून द्या ना," असे म्हणणारे खातेदार रोज येतात. त्यांतील काहींचा चष्मा खरोखरच घरी राहिलेला असतो. काहींनी मात्र चष्मा कधी केलेलाच नसतो. ज्यांच्या आईबापांना शाळेचा उंबरा ओलांडू दिला गेला नाही, त्यांना पन्नास-साठ वर्षांनंतरही ही गोष्ट चारचौघांत लपवावी लागते. डॉक्टरांसमोर तर अधिकच. तेथे स्लिप भरून द्या असेही म्हणता येत नाही. कागद हातात घ्यायचा, मान डोलवायची आणि बाहेर पडायचे.

हा प्रश्न केवळ खेड्यापाड्यांचा आहे असे कोणी समजू नये. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांची वाचनक्षमता तपासण्यात आली. त्याचा अहवाल २००२ साली प्रसिद्ध झाला. सहापैकी सुमारे एका रुग्णाला औषधाच्या बाटलीवरची सूचना किंवा रुग्णालयाची माहितीपत्रिका धड वाचता येत नव्हती. हे सक्तीच्या शिक्षणाला शतक उलटून गेलेल्या देशात! आपल्याकडे २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के आणि स्त्रियांची ७५.८७ टक्के होती. म्हणजे चार स्त्रियांमागे एक निरक्षर. त्यातही सांधे दुखण्याच्या वयाच्या, म्हणजे पन्नाशी-साठीच्या पुढच्या स्त्रिया घेतल्या तर प्रमाण किती वाढेल, याचा अंदाज ज्याने त्याने आपल्याच गल्लीवरून करावा. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन-तीन पट अधिक होतो, ही गोष्ट यात जोडली म्हणजे चित्र पुरे होते.

सांधेदुखी किती पसरलेली आहे याचा एक चांगला अभ्यास आपल्याच राज्यात झालेला आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरील भिगवण या गावी डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने १९९६ साली घरोघर पाहणी सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' या कार्यक्रमाचा तो भाग होता. प्रौढांपैकी शेकडा १८ च्या आसपास लोकांनी हाडे, सांधे वा स्नायूंचे दुखणे सांगितले. त्यांत गुडघ्याच्या झिजेचे रुग्ण पुष्कळ होते आणि ऱ्हुमॅटॉइडचे प्रमाण प्रौढांत शेकडा अर्ध्याच्या जवळपास निघाले. अर्धा टक्का ऐकावयास लहान वाटतो. पण दोन हजार प्रौढांच्या वस्तीत तो दहा माणसांचा होतो आणि ती दहा माणसे आपल्या ओळखीची असतात.

वात एक नव्हे

निरक्षर माणसाला समजावताना पहिली पायरी म्हणजे त्याच्याच घरातील वस्तू हाती घेणे. गुडघ्याची झीज, जिला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात, तिला दाराच्या बिजागरीची उपमा चालते. वर्षानुवर्षे दार उघडमीट होऊन बिजागरी झिजते आणि करकरते. मात्र ही उपमा अर्ध्यावर सोडावी लागते. कारण बिजागरी जेवढी कमी हलवावी तेवढी टिकते. गुडघ्याचे तसे नाही. गुडघा हलवला नाही तर मांडीचा स्नायू वाळतो आणि दुखणे वाढते. उपमा कोठे थांबते हे सांगितले नाही, तर ऐकणारा त्या उपमेप्रमाणेच वागेल आणि खाट धरून बसेल.

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला पुष्कळ ठिकाणी आमवात म्हणतात, तो झिजेचा आजार नव्हे. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच चुकून सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते. राखणीला ठेवलेला गुरखा घरच्याच माणसांना झोडपू लागला, असे सांगितले की आजींना ते लगेच पटते. आणि मग पुढचा प्रश्न त्या स्वतःच विचारतात, "मग त्या गुरख्याला आवरायचं कसं?" औषधाविषयी बोलावयाची ती वेळ. तिसरा प्रकार गाऊटचा. रक्तातील युरिक ॲसिड वाढून त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात. याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

पहिल्या दोहोंतील फरक ओळखण्याची डॉक्टरांची एक खूण म्हणजे सकाळचा ताठरपणा. झिजेत तो सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. आमवातात तासभर वा त्याहूनही अधिक राहतो. "सकाळी किती मिनिटे हात आखडलेले असतात?" असे विचारले तर घड्याळ न पाहणारी बाई काहीतरी उत्तर देऊन मोकळी होते. त्याऐवजी "हात नीट उघडेपर्यंत घरात कोणकोणती कामं झालेली असतात?" असे विचारावे. "चहा झालेला असतो" आणि "चहा झाला, पाणी भरून झालं, पोरं शाळेला गेली, तरी भाकरी थापता येत नाही" या दोन उत्तरांत डॉक्टरांना हवे ते सर्व आहे. वेळ सर्वांनाच कळते, फक्त मोजण्याचे माप वेगळे असते.

बाजारच्या दिवसाची गोळी

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. येथे चूक झाली तर माणूस दगावू शकतो.

आमवातावर जगभर प्रथम दिले जाणारे औषध मेथोट्रेक्झेट हे आहे. ते जुने आहे, स्वस्त आहे आणि नीट घेतले तर सांधे वाकडे होण्यापासून वाचविते. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोज नाही. आठवड्याचा डोस रोज घेतला गेला तर तोंड सोलवटते, रक्तपेशी कमी होतात, जंतुसंसर्ग होतो आणि त्यातून मृत्यू ओढवल्याची उदाहरणे अनेक देशांत नोंदली गेली आहेत. ही चूक केवळ निरक्षरांकडूनच होते असे नाही. इंग्रजीतील 'मंडे' हा शब्द 'मॉर्निंग' असा वाचला गेल्याने आठवड्याची गोळी रोज सकाळी दिली गेल्याचे प्रकार परदेशातील औषध-सुरक्षा संस्थांनी नोंदविलेले आहेत. मग ज्याला ना मंडे वाचता येतो ना मॉर्निंग, त्याचे काय?

चूक का होते ते पाहू. पिशवीतील इतर सर्व गोळ्या रोजच्या असतात. रक्तदाबाची रोज, साखरेची रोज. एकच गोळी वेगळ्या चालीची. दुसरे असे की हिचा गुण यावयास सहा ते बारा आठवडे लागतात. महिनाभर एकेक गोळी घेऊनही हात तसाच आखडतो, तेव्हा "एका गोळीनं काय व्हायचंय, रोज घे" असा सल्ला देणारे शेजारी प्रत्येक चाळीत असतात. तिसरे, हिच्या जोडीला फॉलिक ॲसिड नावाची जीवनसत्त्वाची गोळी दिली जाते. पुष्कळ कंपन्यांच्या या दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळ्या असतात. एकीचा डोस दुसरीला लागला की घोटाळा झालाच.

यावरील उपाय फार खर्चिक नाहीत. ज्या गावी आठवड्याचा बाजार भरतो, तेथे बाजारचा दिवस हाच गोळीचा दिवस ठरवावा. बाजार आठवड्यातून दोनदा भरत नाही, हे कोणालाही शिकवावे लागत नाही. शहरात घरच्या माणसाच्या साप्ताहिक सुटीचा वार धरता येतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेला कपाळाची टिकली चिकटवून ठेवावी आणि गोळी घेतली की ती काढून टाकावी. टिकली नाही म्हणजे गोळी झाली. मेथोट्रेक्झेटचे पाकीट रोजच्या पिशवीत ठेवूच नये. वेगळ्या डबीत, वेगळ्या फळीवर ठेवावे. दुकानातून एका वेळी महिन्याचाच साठा आणावा.

मोबाइल तर आता बहुतेक घरांत आहे. डॉक्टरांची परवानगी घेऊन त्यांच्याच आवाजात दोन वाक्ये मुद्रित करून घ्यावीत : कोणती गोळी, कोणत्या वारी. घरच्या माणसाच्या सांगण्यापेक्षा डॉक्टरांच्या आवाजाला सासूबाई अधिक मान देतात, हे सुनांना सांगावयास नकोच.

आणखी काही गोष्टी तोंडपाठ असल्या पाहिजेत. बरे वाटत असले तरी सांगितलेल्या मुदतीला रक्त तपासावयाचे. दारू वर्ज्य. गर्भारपणी हे औषध चालत नाही, म्हणून मूल हवे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावयाचे. ही गोष्ट सासूसमोर न बोलता तरुण सुनेला एकटीला विचारली तरच ती खरे सांगेल. तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला व दम, हिरड्यांतून रक्त किंवा अंगावर काळेनिळे डाग, यांपैकी काही दिसल्यास पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठावयाचे. आणि ताप-लघवीच्या तक्रारीसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यास ही डबी सोबत न्यावयाची. कारण को-ट्रायमोक्साझोलसारखे सर्रास दिले जाणारे एखादे औषध मेथोट्रेक्झेटबरोबर घातक ठरते.

याउलट ज्या गोळ्या वा पुड्या दोन दिवसांत चमत्कार घडवितात त्यांच्याबाबत सावध असावे. विनापदवी वैद्य देतात त्या अनेक पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडे पोकळ होतात. आणि अशी पुडी दीर्घकाळ घेऊन एकदम बंद केली तर तेही धोक्याचे असते. म्हणून पुडी फेकून न देता ती घेऊन डॉक्टरांकडे जावे.

येथे आमच्या धंद्यातील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये जुन्या पाचशे-हजारांच्या नोटा रद्द होऊन नव्या आल्या. लिहिता-वाचता न येणारे खातेदार नोट ओळखतात ती रंगावरून आणि आकारावरून. नव्या नोटा हातात पडल्यावर पैशाच्या हिशेबात मुरलेल्या भाजीवाल्या बायाही कित्येक आठवडे चाचपडत होत्या. गोळ्यांचे अगदी असेच असते. निरक्षर रुग्ण गोळी ओळखतो तिच्या रंगावरून आणि पाकिटाच्या चकाकीवरून. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचे तेच औषध दिले की त्याच्या दृष्टीने ते नवीनच औषध. मग तो एक तर ते घेत नाही, किंवा घरात उरलेले जुने आणि हे नवे असे दोन्ही घेतो. "रंग बदललाय, पण गोळी तीच आहे, जुनी संपल्यावरच ही घ्या," एवढे वाक्य दुकानदाराने बोलले तरी पुरे. तो बोलला नाही तर आपण विचारावे.

"कळलं ना?" हा प्रश्न नव्हे

"मावशी, कळलं ना?"

"हो डॉक्टर."

जगातील प्रत्येक दवाखान्यात हा संवाद होतो आणि त्यातून काहीही कळत नाही. मोठ्या माणसासमोर "नाही कळलं" म्हणणे उद्धटपणाचे वाटते, शिवाय मागे रांग उभी असते. म्हणून आरोग्यशिक्षणाच्या अभ्यासकांनी उलट सांगावयास लावण्याची पद्धत पुढे आणली आहे. मात्र तिच्यात परीक्षेचा सूर येता कामा नये. "आता म्हणून दाखवा" असे म्हटले की मावशी पुन्हा शाळेबाहेर उभ्या राहतात. त्याऐवजी असे विचारावे : "घरी गेल्यावर सूनबाई विचारील, डॉक्टर काय म्हणाले? तर तिला काय सांगाल?" सांगण्यात चूक निघाली तर "मीच नीट सांगितलं नाही" असे म्हणून पुन्हा सांगावे आणि पुन्हा ऐकावे. एका भेटीत तीनपेक्षा अधिक गोष्टी सांगू नयेत. बँकेतही अंगठा घेण्यापूर्वी मजकूर वाचून दाखविण्याचा दंडक आहे. मात्र वाचून दाखविणे आणि समजणे यांत अंतर आहे, हे कर्जाचा पहिला हप्ता थकला की उमगते.

चित्रे काढली म्हणजे प्रश्न सुटला असे अनेकांना वाटते. पण चित्रही वाचावे लागते. पायापासून सुटा काढलेला गुडघा पुष्कळांना ओळखूच येत नाही. बाण म्हणजे दिशा, फुली म्हणजे मनाई, डावीकडचे चित्र आधी आणि उजवीकडचे नंतर, हे सगळे संकेत शाळेत शिकलेले असतात. म्हणून चित्र काढावे ते पूर्ण माणसाचे, आपल्यासारखे लुगडे वा धोतर नेसलेल्याचे. आणि छापण्यापूर्वी चार निरक्षर माणसांना दाखवून "यात काय चाललंय?" एवढेच विचारावे. अमेरिकेत सिसिलिया व लिओनार्ड डोक या दांपत्याने जेन रूट यांच्यासमवेत कमी साक्षर रुग्णांना शिकविण्याविषयी १९८५ साली एक ग्रंथ लिहिला. मजकूर आधी वाचकांवर तपासून पाहा, हा आग्रह त्यात ठामपणे मांडलेला आहे.

अमेरिकेतीलच स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. त्यांचे वैशिष्ट्य असे की शिकविणारे बहुतेक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसे होती आणि त्यांपैकी अनेकांना स्वतःला संधिवात होता. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की चार वर्षांनंतरही वर्गात आलेल्यांची वेदना सरासरी २० टक्क्यांनी कमी होती आणि डॉक्टरांकडच्या फेऱ्या ४० टक्क्यांनी घटल्या होत्या. गंमत अशी, की कोणी किती व्यायाम केला यापेक्षा "या दुखण्याचं मी काहीतरी करू शकते" हा विश्वास ज्यांच्यात वाढला, त्यांना अधिक आराम पडलेला होता. पुढे स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांसाठी त्यांच्या भाषेतून असाच वर्ग चालविण्यात आला.

आपल्या विहारात

आपल्याकडे असा वर्ग नव्याने उभारावयास नको, तो आहेच. वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. ऐकावयास बसणाऱ्यांत अक्षरशत्रू आज्या-मावश्या पुष्कळ असतात आणि मागील अध्यायात काय झाले ते त्याच बिनचूक सांगतात. ऐकून लक्षात ठेवण्याची ही शक्ती आम्हां पदवीधरांत राहिलेली नाही. वाचनानंतरची दहा मिनिटे गुडघ्यासाठी घेतली तर काय बिघडेल? खुर्चीवर बसावे, एक पाय सरळ करून मांडी ताठ करावी, पाच आकडे मोजेपर्यंत धरावी, खाली ठेवावी. प्रत्येक पायाने दहा वेळा. आकडे सर्वांना येतात. ज्यांच्या गुडघ्याला सूज किंवा चटका आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

काठीविषयी एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरावयाची. ही गोष्ट बोलून पटत नाही, विहाराच्या अंगणात चार पावले चालवून दाखविली की लगेच पटते. वजनाविषयीही असेच. वजन जास्त असलेल्या व गुडघे झिजलेल्या वृद्धांवरील एका अभ्यासात (२००५) असे आढळले, की वजन एक किलोने घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. एकाला चार, एवढे व्याज कोणतीच बँक देत नाही!

हे बोलत असतानाच विहारात दोन-चार खुर्च्याही ठेवावयास हव्यात. मांडी घालता येत नाही म्हणून कित्येक वयस्क स्त्रिया वंदनेला येणे सोडून देतात, आणि आजारी आहोत असे न सांगता घरी काम आहे असे सांगतात. खुर्ची मागच्या भिंतीशी एकटी नको, ओळीच्या कडेला असावी. बसणाराला वेगळे काढल्यासारखे वाटू नये.

आमवाताने बोटे वाकलेल्या पेन्शनधारकांसाठी एक माहिती. सही पूर्वीसारखी येत नाही म्हणून पैसे अडले, तर घाबरू नये. आजारी, वृद्ध वा असमर्थ खातेदाराला सही करता येत नसल्यास अंगठ्याचा ठसा चालतो आणि हाताचा देता येत नसेल तर पायाच्या अंगठ्याचाही चालतो. बँकेला माहीत असलेले दोन साक्षीदार लागतात, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. रिझर्व्ह बँकेचे तसे निर्देश आहेत. ज्या बाईने चाळिशीत प्रौढवर्गात जाऊन मोठ्या अभिमानाने सही शिकली, तिला साठीत पुन्हा अंगठा उठवावा लागणे किती लागत असेल, हे आम्ही जाणतो. अशा वेळी शाईचा पॅड सर्वांसमोर पुढे न सरकवता तिला आत बोलावून बसवावे, एवढे आमच्या व्यवसायबंधूंना सुचवितो.

विद्यार्थ्यांसाठी काम सोपे आहे. येत्या सुटीत आपल्या आजीची, शेजारच्या आबांची औषधाची पिशवी त्यांच्या परवानगीने खाटेवर रिकामी करा. प्रत्येक पाकीट हातात देऊन विचारा, "ही कशाची? कधी घेता?" मध्येच दुरुस्त करू नका, आधी सर्व ऐकून घ्या. ते जे सांगतील ते वहीत उतरवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहा. जेथे जुळणार नाही तेथे खूण करा आणि ती वही व पिशवी घेऊन आजीसोबत दवाखान्यात जा. चिठ्ठीत कोठेही मेथोट्रेक्झेट हे नाव दिसले, तर सुटीची वाट पाहू नका, आजच वार विचारा.